एक पंथ, अनेक संस्कृती : अँग्लिकन मंडळ्यांतील मतभेद

अँग्लिकन पंथाला पोप नाही. या पंथाच्या सांप्रतच्या कलहाचा विचार करताना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत इंग्लंडच्या मंडळीने रोमशी संबंध तोडला. पुढे ब्रिटिश साम्राज्याबरोबर ती मंडळी जगभर पसरली आणि तिच्या शाखा यथाकाल स्वायत्त झाल्या. आज अशा ४२ प्रांतिक मंडळ्या मिळून अँग्लिकन सहभागिता बनलेली आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांना तीत मानाचे पहिले स्थान असते. परंतु नायजेरियाच्या किंवा अमेरिकेच्या मंडळीला आज्ञा करण्याचा अधिकार त्यांना नाही. प्रार्थनेची समान परंपरा, बिशपांची अखंड मालिका आणि परस्परांविषयीचा आदर हीच या मंडळ्यांना बांधून ठेवणारी सूत्रे होत. समलिंगी संबंधांच्या प्रश्नावरून ही सूत्रे गेल्या पाव शतकात अतिशय ताणली गेली आहेत.

हा वाद म्हणजे पुरोगामी पाश्चात्त्य आणि सनातनी आफ्रिकी यांच्यातील झगडा, असे वर्णन अनेकदा केले जाते. ते पूर्णतः खोटे नाही. पण पुरेसेही नाही. धर्माचे शाश्वत शासन कोणते, केवळ एखाद्या समाजाची रूढी कोणती, आणि या दोहोंतील सीमारेषा कोणी आखावयाची, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे. आणि तो या पंथात फार जुना आहे.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न

१८५३ मध्ये जॉन विल्यम कोलेन्सो हे दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप झाले. झुलू लोकांत बहुपत्नीत्वाची चाल होती. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या पुरुषाने एक पत्नी ठेवून बाकीच्यांचा त्याग करावा, असा मिशनऱ्यांचा दंडक होता. टाकलेल्या स्त्रिया व त्यांची मुले यांनी जावे कोठे, असा प्रश्न कोलेन्सो यांनी उपस्थित केला. धर्मांतरापूर्वी झालेले विवाह मोडण्याची सक्ती अन्यायाची आहे, असे त्यांचे मत होते. पुढे विल्यम न्गिडी या झुलू सहकाऱ्याच्या शंकांनी प्रवृत्त होऊन त्यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या ऐतिहासिक सत्यतेविषयीही संशय प्रकट केला. १८६३ मध्ये केपटाऊनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत केले. परंतु १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय अमान्य केला. अंतिम अधिकार कोणाचा, हे कोणालाच निश्चित सांगता येईना.

या गोंधळातूनच १८६७ मध्ये लंडन येथे पहिली लॅम्बेथ परिषद भरली. तीस ७६ बिशप उपस्थित होते. मात्र ही परिषद विचारविनिमयापुरतीच आहे, तिचे ठराव कोणावरही बंधनकारक असणार नाहीत, असे तेव्हाच ठरले. त्या मर्यादेचे परिणाम आजही दिसून येतात.

१८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने अनेक पत्नी असलेल्या पुरुषास बाप्तिस्मा देऊ नये, असा निर्णय दिला. तो बदलण्यास शंभर वर्षे लागली. १९८८ च्या परिषदेने अशा पुरुषास पत्नी व मुले यांसह मंडळीत घेण्यास अनुमती दिली. विद्यमान पत्नींपैकी कोणीही हयात असेतोवर त्याने पुन्हा विवाह करू नये, अशी अट घातली. म्हणजे ज्या आफ्रिकी कुटुंबांना पवित्र शास्त्राच्या नावे एक शतक दाराबाहेर उभे करण्यात आले, त्यांच्यासाठी अखेर समाजस्थितीचा विचार करण्यात आला.

१९९८ ची परिषद

त्यानंतर दहाच वर्षांनी चित्र पालटले. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत दोनशेहून अधिक बिशप आफ्रिकेतून आले होते. विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचाच असून समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत आहे, असा ठराव तेथे ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. ४५ जण तटस्थ राहिले. त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे अभिवचनही होते. ठरावाच्या पहिल्या भागाचा उच्चार पुढे वारंवार झाला. दुसऱ्या भागाचा त्या मानाने थोडा.

आता भूमिकांची अदलाबदल झाली होती. तुमच्या रूढीपेक्षा शास्त्र श्रेष्ठ आहे, असे एके काळी युरोपीय मिशनरी आफ्रिकेस सांगत. तेच वाक्य आता आफ्रिकी बिशप युरोप-अमेरिकेस ऐकवू लागले. ज्या शिकवणुकीसाठी त्यांच्या आजोबांनी घरदार तोडले, ती शिकविणाऱ्यांनीच ती सोडावी, हे त्यांना विश्वासघातासारखे वाटले. युगांडात या भावनेला आणखी एक धार आहे. १८८६ मध्ये बुगांडाचा राजा म्वांगा याने आपल्या ख्रिस्ती सेवकांना नामुगोंगो येथे जिवंत जाळले. राजाच्या शारीरिक इच्छेस त्यांनी नकार दिला, हे त्यामागील एक कारण होते, असे तेथील परंपरा मानते. ज्यांचे हुतात्मे असे स्मरले जातात, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक चर्चेचा राहत नाही.

तथापि, दुसरी बाजूही तितकीच विचारात घेतली पाहिजे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कायदे आफ्रिकेतील अनेक देशांत ब्रिटिश राजवटीनेच नेले. भारतीय दंडसंहितेचे १८६० मधील ३७७ वे कलम हे अशा वसाहती कायद्यांचे परिचित उदाहरण होय. इंग्लंडने स्वतः १९६७ मध्ये हा कायदा शिथिल केला आणि त्या सुधारणेस कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी पाठिंबा दिला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध या कलमाच्या कक्षेतून वगळले. म्हणून, जे आज काही आफ्रिकी देशांत स्वदेशी परंपरा म्हणून राखले जाते, त्यातील काही भाग परक्या राज्यकर्त्यांची देणगी आहे.

फुटीची वाटचाल

२ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे जीन रॉबिन्सन यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. ते आपल्या पुरुष सहचरासह उघडपणे राहत असत. अनेक प्रांतांनी अमेरिकन मंडळीशी संबंध तोडले. समेटासाठी २००४ मध्ये विंडसर अहवाल आला. त्यातून सर्व प्रांतांसाठी एका कराराची कल्पना निघाली. पण २०१२ मध्ये खुद्द इंग्लंडमधील बहुसंख्य धर्मप्रांतांनीच तो करार नाकारला. दरम्यान २००८ मध्ये परंपरावादी मंडळींनी जेरुसलेम येथे गॅफकॉन ही वेगळी परिषद भरविली. त्याच वर्षीच्या लॅम्बेथ परिषदेवर अनेक बिशपांनी बहिष्कार घातला. रॉबिन्सन यांना तर निमंत्रणच नव्हते.

२०२२ च्या परिषदेस नायजेरिया, युगांडा व रवांडा येथील बिशप आले नाहीत. आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी तेथे दोन्ही पक्षांची अडचण शेजारी शेजारी मांडली. काही देशांत ही शिकवण बदलली, तर मंडळी उपहासाचा, प्रसंगी हल्ल्याचाही विषय होईल; आणि अन्य काही देशांत ती न बदलली, तर तेथील मंडळीच्या वाट्यालाही तिरस्कारच येईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढील वर्षी इंग्लंडच्या सिनडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना मान्यता दिली. तेव्हा अनेक प्रांतप्रमुखांनी कँटरबरीचे अग्रस्थान अमान्य केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या पहिल्या स्त्री आर्चबिशप म्हणून नियुक्ती जाहीर झाली. त्याच महिन्यात गॅफकॉनने जुन्या संस्था नाकारून सहभागितेची पुनर्रचना आपणच करीत असल्याची घोषणा केली.

माणसांच्या वाट्याला आलेले

ठरावांच्या आड जी माणसे असतात, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे भूगोलाची ही सोपी विभागणी टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू हे आफ्रिकीच होते. पण वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याइतकाच हाही न्यायाचा प्रश्न आहे, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. त्यांची कन्या म्फो या दीक्षित पाळक. एका स्त्रीशी विवाह केल्यावर २०१६ मध्ये त्यांना दक्षिण आफ्रिकेत पाळकपणाचा परवाना परत करावा लागला. २०२२ मध्ये इंग्लंडमधील एका चर्चमध्ये आपल्या धर्मपित्याचा अंत्यविधी चालविण्यासही त्यांना मनाई झाली. कुटुंबीयांनी तो विधी चर्चबाहेर, बागेत मंडप घालून पार पाडला. उलट, २०२३ मध्ये युगांडात प्रसंगी देहान्तशासनाचीही तरतूद असलेला कायदा झाला, तेव्हा तेथील आर्चबिशपांनी त्याचे स्वागत केले आणि वेल्बी यांनी त्यांना पत्र लिहून दुःख व्यक्त केले. अशा शिक्षांना विरोध करण्याचे प्रांतप्रमुखांच्या बैठकीने २०१६ मध्ये मान्य केले होते, हे येथे लक्षात ठेवणे अवश्य आहे.

भारतीय वाचकास या प्रश्नाचे एक अंग परिचयाचे वाटेल. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिशप मानणाऱ्या व न मानणाऱ्या मंडळ्या त्यांत एकत्र आल्या. त्या वेळीही दक्षिण भारतातील ऐक्यास पूर्ण मान्यता देण्यास लॅम्बेथ परिषद कचरली होती. आज ही दोन्ही चर्चे सहभागितेची सदस्य आहेत. भेद मिटल्यावाचून एकत्र येता येते, याची ती साक्ष होय. मात्र तेथे भेद होता तो मंडळीच्या व्यवस्थेविषयी. येथे एका पक्षास जो शास्त्राचा भंग वाटतो, तोच दुसऱ्या पक्षास माणसाला न्याय वाटतो. आणि निवाडा करणारा तिसरा कोणी या पंथाने कधी नेमलेलाच नाही. कोलेन्सो यांच्या काळी अनुत्तरित राहिलेला तो प्रश्न आजच्या पिढीपुढे पुन्हा उभा आहे. बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावरील उत्तरास शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत ज्या स्त्रियांना व मुलांना टाकून देण्यात आले, त्यांना त्या उत्तराचा काहीच उपयोग झाला नाही.