तोरणातल्या झेंडूचे बी

दसऱ्याचे तोरण वाळले की त्यातील झेंडू चुरगाळून पुढच्या पावसाळ्यासाठी बी राखून ठेवायचे, ही रीत पुष्कळ घरांत आहे. वसई तालुक्यातील जूचंद्रसारख्या गावात अंगणाच्या कडेला लावायला एका तोरणाचे बी पुरून उरावे. पण मूठभर टाकावे आणि चार-दोनच रोपे वर यावीत, असे का होते?

लहान पिवळ्या फुलांचा झेंडू, म्हणजे मखमल, घ्या. त्याची कडेची एक 'पाकळी' अलगद उपटा. तिच्या तळाशी काडीसारखा किंजपुट आणि वर दुभागलेला किंजल्क भिंगातून दिसेल. म्हणजे ही पाकळी नव्हेच, ते एक आख्खे स्त्री-पुष्प आहे! मधली नळीसारखी फुले द्विलिंगी असतात आणि पराग त्यांच्यातच तयार होतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अशा अनेक फुलांचा गुच्छ, अर्थात 'स्तबक' होय. सूर्यफूल आणि रस्त्याकडेची एकदांडी याच कुळातली.

आता भरगच्च झेंडू पाहा. त्यात नळीसारखी फुले फारच थोडी. बहुतेकांच्या 'पाकळ्या' झालेल्या. तोरणाला आपण नेमका हाच निवडतो! त्याला पराग मधमाश्या-फुलपाखरांनी दुसरीकडून आणावा लागतो. शिवाय तोरणासाठी फूल खुडले की किंजपुटाचे पोषण थांबते. तो वाळून काळा पडतो खरा, पण आत गर नसतो. काळा रंग म्हणजे पक्के बी नव्हे.

आणखी एक गंमत. मोठ्या झेंडूत 24 गुणसूत्रे असतात, मखमलीत 48. दोघांचा संकर झाल्यास संततीत 12 अधिक 24, म्हणजे 36 येतात. या तीन संचांच्या नीट जोड्या जुळत नाहीत. अशा झाडाला फुले भरपूर, बी जवळजवळ नाही.

जुलैत बी पेरताना जागा उंचवट्याची घ्या. मिठागरांकडच्या सखल जमिनीत पाणी साचून रोपे कुजतात. साधारण दोन महिन्यांत फुले येतात. दोन-तीन फुले मात्र खुडू नका, झाडावरच पूर्ण वाळू द्या.

मग तोरणातले 20 आणि झाडावर वाळलेले 20 बी वेगवेगळ्या ओल्या टिपकागदांवर झाकून ठेवा. आठवड्याने दोन्हीकडचे कोंब मोजा आणि वहीत आकडे लिहा.