भाड्याची खोली आणि पाण्याचा हिशेब

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातले, अक्कलकुवा तालुक्यातले गाव. समजा, इथे एका मालकाने चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. विहिरीवर मोटर आहे. टाकी सर्वांची एकच. मोटरचे वीजबिल चारही खोल्यांत वाटून घेतात.

एका महिन्याला बिल वाढले. मालक म्हणाले, "तुम्ही पाणी फार सांडता." भाडेकरू म्हणाला, "काका, तुमचा नळच गळतो." बोलण्याने बोलणे वाढले. खोली सोडायची वेळ आली.

अशा वेळी काय करावे? भांडू नये. मोजावे.

गळका नळ : नळाखाली तासभर भांडे ठेवा. समजा, अर्धा लिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाचे 12 लिटर झाले. महिन्याचे 360 लिटर! पंधरा लिटरच्या 24 घागरी वाया गेल्या. बहुतेक वेळा नळाचा वायसर बदलला की गळती थांबते.

छुपी गळती : रात्री सगळे नळ बंद करा. टाकीतले पाणी काठीने मोजा. सकाळी पुन्हा मोजा. कोणी पाणी न घेता ते उतरले, तर टाकी किंवा नळी कुठे तरी फुटली आहे.

मोटर : एक अश्वशक्तीची मोटर तासभर चालली की साधारण एक युनिट वीज जळते. रोज एक तास जादा चालली, तर महिन्याला 30 युनिट जादा. टाकी किती मिनिटांत भरते ते घड्याळात पाहा. तो आकडा बटणाजवळ लिहून ठेवा.

वापर : 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने रोज माणशी 55 लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांना 275 लिटर झाले. आपला वापर याच्याशी ताडून पाहा. भांडी वाहत्या नळाखाली घासू नका. भाजी धुतलेले पाणी झाडाला घाला. मात्र पिण्याच्या आणि हात धुण्याच्या पाण्यात काटकसर नको.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. गावाला जमते, ते चार खोल्यांना का जमू नये?

शेवटी ठराव कागदावर लिहा. दुरुस्ती कोणी करायची? बिल खोलीवर वाटायचे की माणशी? एका खोलीत दोघे आणि दुसरीत सात असतील, तर माणशी वाटणी बरी. कागद आधी स्वतः वाचा. मग अंगठा नको, सही करा.

प्रश्न
1. तासाला पाव लिटर गळणारा नळ महिन्याला किती पाणी घालवतो?
2. तुमच्या घरी रोज किती घागरी पाणी लागते? आठवडाभर लिहून ठेवा.