निरोप आपल्या माणसाचा, पण खरा आहे का?

पालकहो,

पावसाळा भरात आला की टीव्हीवर पट्टी धावू लागते, ‘कोयना धरणाचे सहा दरवाजे उघडले’. थोड्याच वेळात मुंबईहून काकांचा फोन येतो, दुबईहून मामाचा निरोप येतो: ‘पाणी सोडलंय, सावध राहा.’ मग तोच निरोप भावकीच्या ग्रुपवर, तिथून वाडीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर फिरतो. मोठी माणसं घाबरतात आणि मुलं ते पाहतात.

अशा वेळी मुलांना एकच विचारा: दरवाज्यांतून सुटलेलं पाणी जातं कुठे? ते सह्याद्रीच्या पलीकडे, पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळतं. त्याची काळजी कराड-सांगलीला. आपल्या पोफळी-चिपळूणच्या बाजूला येतं ते विजेसाठी वापरलेलं पाणी. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून बोगद्यांवाटे ते डोंगराच्या पोटातल्या पोफळीच्या वीजगृहात उतरतं, पुढे कोळकेवाडीच्या धरणात आणि तिथून वाशिष्ठी नदीत जातं. ज्या गावात हे वीजगृह आहे, तिथल्या मुलांनी आपल्याच पाण्याची वाट परगावाहून आलेल्या निरोपातून शिकावी, याचं मला फार वाईट वाटतं.

यात काकांची किंवा मामाची चूक नाही. गावाकडे जीव अडकलेला असतो, म्हणूनच ते कळवतात. लांबच्या वाहिनीला ‘कोयना’ एवढं नाव पुरतं. पाणी घाटाच्या अलीकडे येतं की पलीकडे जातं, हे सांगायला तिच्या पट्टीत जागा नसते. ती अर्धी बातमी आपल्या माणसाच्या हातून आली की आपण ती पूर्ण खरी धरतो. पाठवणाऱ्यावरचा विश्वास आपण मजकुरावर टाकतो. मुलांना शिकवायची गोष्ट हीच आहे: माणूस आपला असला, तरी मजकूर तपासावा लागतो.

हे शिकवलं नाही तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१८ साली मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप गावोगाव पसरले. पाठवणाऱ्यांत आपल्यासारखेच आईबाप होते, लेकरांच्या काळजीने बोट दाबणारे. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पण कंपनी फक्त संख्या कमी करू शकते. पाठवण्याआधी थांबण्याची सवय घरातच लागते.

समाजाने एकत्र बोलू नये, असं मात्र मुळीच नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा तर्ककुतर्क खूप झाले. पण कोळकेवाडीतून किती पाणी आलं, कधी आलं, वाशिष्ठीत गाळ किती साचला, हे प्रश्नही चिपळूणकरांनी लावून धरले. त्यावर अभ्यास करावा लागला. चिपळूण बचाव समितीने गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं आणि पुढे नदीतला गाळ निघू लागला. नुसती भीती फिरवली असती, तर एक घमेलंभर गाळही निघाला नसता. नेमका प्रश्न विचारला, म्हणून काम हललं. ही आपल्याच तालुक्यातली गोष्ट मुलांना जरूर सांगा.

भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण आपल्या भागातल्या जुन्या माणसांना आहे, म्हणून धक्का जाणवला की घरात शांतता पसरते. लगेच ‘आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार’ असा निरोप येतो. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कुणाकडेच नाही. एवढं एक वाक्य मुलाला ठाऊक असेल, तर तो निरोप त्याच्यापाशीच थांबेल.

मग घरी काय करायचं? निरोप आला की मुलांना जवळ घ्या आणि मिळून विचारा: हे कुणी स्वतः पाहिलं? कधी? कुठे? तारीख आणि ठिकाण नसेल, तर तो पुढे पाठवायचा नाही. पाण्याचा प्रश्न असेल, तर प्रकल्पात काम केलेल्या शेजाऱ्याला किंवा तलाठी कार्यालयात विचारा. मुलालाच फोन लावू द्या. एकच बातमी मुंबईच्या वाहिनीवर आणि चिपळूणच्या दैनिकात शेजारी ठेवून वाचा. काय गाळलं, काय फुगवलं, ते मुलं स्वतः शोधतील.

आणि चुकीचा निरोप आजोबांनी पाठवलेला असेल, तर त्यांचा मान राखूनच सांगा. ‘आजोबा, मी विचारून घेतलं, ते पाणी कराडकडे जातंय’ असं नातवाने प्रेमाने म्हटलं, तर आजोबाही पुढच्या वेळी आधी विचारतील. आपल्या हातून काही चुकीचं गेलं असेल, तर त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका आणि ती टाकताना मुलांना शेजारी बसवा.

आपली मुलं उद्या पुण्याला, आखातात, अमेरिकेत जातील. तिथे पोफळीबद्दल, कोकणाबद्दल, आपल्या माणसांबद्दल चार गोष्टी त्यांना ऐकवल्या जातील. खऱ्या असतील, खोट्याही असतील. त्या पारखण्याची सवय त्यांना आजपासून लावा, पुढचा निरोप येईल तेव्हापासूनच.