हृदयाची तपासणी आणि किरणांची धास्ती

प्रश्न : माझ्या ५४ वर्षांच्या आईला जिना चढताना छातीत दडपण येतं. डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली आहे. किरणोत्सर्गाची भीती वाटते. करावी का?

उत्तर : जरूर करा. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. नव्या यंत्रांवर ही तपासणी बहुधा २ ते ५ मिलिसिव्हर्टमध्ये होते. न्यूक्लिअर स्ट्रेस टेस्टमध्ये साधारण १०. स्ट्रेस इकोत किरण अजिबात नसतात. आईला ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सीटी अँजिओग्राफीआधी नाडी संथ करायची गोळी दिली, तर ती चुकवू नका. ठोके मंद असले की चित्र स्पष्ट येतं आणि किरणांची मात्राही कमी लागते. किरणांपेक्षा दुर्लक्षाचा धोका मोठा आहे. बसल्या जागी दडपण आलं, तर तडक रुग्णालय गाठा.