गोंदणाची सुई आणि आपलं रक्त

गेल्या १४ एप्रिलला आमच्या विहारात रक्तदान शिबिर होतं. रांगेत वस्तीतली चाळीसेक मुलं उभी होती. त्यातल्या तिघांना रक्तपेढीच्या डॉक्टरांनी परत पाठवलं. तिघांच्याही हातावर आठ-दहा दिवसांपूर्वी काढलेला टॅटू होता. एकाच्या हातावर बाबासाहेबांची सही, दोघांच्या हातावर 'जय भीम'. एक जण चिडलाच. म्हणाला, "ताई, बाबासाहेबांचं नाव हातावर आहे म्हणून आमचं रक्त चालत नाही का?"

त्याचा राग मला कळला. 'तुमचं चालत नाही' हे शब्द आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेत. म्हणून त्याला बाजूला बसवून सांगितलं, तेच इथे लिहिते.

हातावर काय काढलंय याच्याशी रक्तपेढीचा काही संबंध नाही. गुलाबाचं फूल असतं तरी परतच पाठवलं असतं. आपल्या देशातल्या रक्तदानाच्या नियमांप्रमाणे टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. कारण सुईतून आलेला आजार रक्तात शिरला, तरी पहिले काही आठवडे तपासणीत तो दिसेलच असं नाही. त्या काळात दिलेली बाटली दुसऱ्या कुणाला तरी चढते, कधी बाळंतिणीला, कधी अपघातातल्या माणसाला. वर्षभराने या, तुमचं रक्त हवंच आहे. ज्यांना जयंतीला रक्तदान करायचंय त्यांनी टॅटू रक्तदान झाल्यावर काढावा, इतकी साधी गोष्ट आहे.

आता या सुईबद्दल. टॅटूची सुई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते, आणि मशीनवर मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा आत-बाहेर होते. शाई वरच्या सालीत ठेवली तर महिन्याभरात गळून जाईल, म्हणून ती खालच्या थरात सोडावी लागते. तिथे रक्तवाहिन्या असतात. रक्त कधी ठिपक्याएवढं येतं, कधी डोळ्यांना दिसतही नाही, पण सुईला लागतंच. तीच सुई दुसऱ्याच्या हातात गेली की पहिल्याचं रक्त दुसऱ्यात गेलं. सुई बदलली पण शाईची टोपी तीच ठेवली, तरी तेच होतं.

या रस्त्याने येणारे मुख्य आजार तीन : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. लोक एचआयव्हीला सगळ्यात जास्त घाबरतात. नर्सिंगला आम्हाला मात्र उलटा क्रम शिकवतात. रुग्णाची इंजेक्शनची सुई कर्मचाऱ्याला टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सी शंभरात दोनच्या आसपास. आणि हिपॅटायटिस बी, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. टॅटूची सुई भरीव असते, इंजेक्शनची पोकळ, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण क्रम हाच. बीचा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे रविवारी टेबलावर सांडलेला थेंब शनिवारीही धोक्याचा.

त्या तिघांचे टॅटू कुणी काढले ते विचारलं. आमच्याच वस्तीतल्या एका मुलाने. त्याचे वडील पेंटर. पनवेलच्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, जयंतीच्या कमानी हे त्यांचं काम. फ्लेक्स आला आणि ते काम बसलं. पोराच्या हातात बापाचं वळण आहे, त्याने ते कातडीवर आणलं. मी त्याच्या खोलीत जाऊन दोन तास बसले. घाबरला बिचारा, वाटलं ताई तक्रार करायला आली. मी म्हटलं, तूही सुईवाला, मीही सुईवाली, काम दाखव.

काम त्याचं खरंच चांगलं. सहीतला बारीक झोल एका दमात ओढतो, हात हलत नाही. पाठ मात्र कमानीसारखी वाकलेली. सहा-सहा तास मान खाली, मनगटात मुंग्या येतात म्हणाला, रात्री बोटं आखडतात. दर अर्ध्या तासाने उठून हात झटकायचे, गिऱ्हाईकाचा हात आपल्या छातीच्या उंचीला येईल अशी उशी घ्यायची, दिवा समोरून घ्यायचा, एवढं सांगितलं. पण माझं लक्ष हातमोज्यांवर होतं. मोजे घातले होते, कबूल. त्याच मोज्यांनी त्याने मोबाइल उचलला, शाईची बाटली उघडली, दिव्याचा दांडा वळवला, कपाळ पुसलं आणि परत कातडीला हात लावला. मोज्यामुळे त्याचा हात वाचला, पण गिऱ्हाईकाचं रक्त मोबाइलवर गेलं, आणि मोबाइल घरी त्याच्या लहान बहिणीच्या हातात.

शिकला कुठे? मित्राकडे. आधी संत्र्याच्या सालीवर, मग स्वतःच्या मांडीवर, मग एकमेकांच्या मांडीवर. चौघे मित्र, एक मशीन, आणि तेव्हा पैसे नव्हते म्हणून एकच सुई. हे त्याने सहज सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला.

या धंद्यातही वरची आळी, खालची आळी आहे. खारघर-वाशीच्या एसी स्टुडिओतला मुलगा 'आर्टिस्ट' आणि जत्रेत, फुटपाथवर बसणारा नुसता 'टॅटूवाला'. स्टुडिओत शिकायचं तर फी भरा, नाहीतर महिनोन् महिने फुकट झाडलोट करा आणि सुया लावायला शिका. ते आमच्या मुलांना परवडत नाही. मग व्हॉट्सॲपवर डिझाइन मागायचं, मशीन उसनं आणायचं, हंगामात कुणाच्या तरी ओळखीने गोव्याला जायचं आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर पथारी टाकायची. त्या दोन दिवसांत गर्दी इतकी की जेवायला वेळ नसतो. लांबून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस बाबासाहेबांचं चित्र नाहीतर सही हातावर घेऊन परत जातो. ती भावना मला ठाऊक आहे, माझ्या भावाच्या हातावरही आहे. पण सगळ्यात जास्त काळजी करायची जागा तीच. पाणी नाही, उजेड कमी, मागे रांग, आणि सुई बदलायला लागणारी दोन मिनिटं जड वाटतात.

काही आयाबाया म्हणतात, आमच्या आज्यांनी कपाळ, हात, पाय गोंदून घेतलं, त्यांना काय झालं? गोंदणारी बाई गावोगाव फिरायची, तीन-चार सुया दोऱ्याने बांधून काजळी टोचायची आणि त्याच सुया पुढच्या गावाला. झालं काय ते कुणाला कळलंच नाही. हिपॅटायटिस बी अंगात वीस-तीस वर्षं गुपचूप राहतो, मग एक दिवस पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, लिव्हर गेलेलं असतं. तेव्हा तरुणपणीचं गोंदण कुणाला आठवणार? शिवाय नावात कावीळ असली तरी पुष्कळांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. आणि झाले तरी माळ घालून किंवा नाकात थेंब सोडून ही कावीळ उतरत नाही. आपण तरी त्या वाटेला जाऊ नये.

माझं स्वतःचं सांगते. नर्सिंगचा डिप्लोमा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला सुईला टोपण लावताना बोटात टोचली. वरिष्ठ म्हणाल्या, डेटॉल लाव, कामाला लाग. कामाला लागण्याआधी लस द्यायची असते, हे तिथे कुणी पाळलं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत मी तीन वेळा रक्त तपासलं आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत घास गिळवला नाही. काही झालं नाही, नशीब. पण टॅटू काढणाऱ्या मुलाकडे पाहिलं की मला ती रात्र आठवते. नर्सइतक्याच सुया त्याच्या हातून जातात आणि त्याला सांगणारं कुणीच नाही.

सांगायचं ते हे. हिपॅटायटिस बीला लस आहे. मोठ्या माणसाला तीन डोस : आज, एक महिन्याने आणि पहिल्या डोसनंतर सहा महिन्यांनी. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली ती २०११ च्या सुमाराला. म्हणून आज विशी-पंचविशीत असलेल्या आपल्या बहुतेक मुलांना ती मिळालेली नसणार. घरातलं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. टॅटू काढणाऱ्याने, केस कापणाऱ्याने, सफाईला जाणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

इथे एक गैरसमज खोडते. "ताई, मी टीटी घेतलंय" असं प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. ते इंजेक्शन धनुर्वाताचं. घ्या, चांगलं आहे. या तिन्ही आजारांशी त्याचा काही संबंध नाही.

त्या मुलाला आणि त्याच्या तिन्ही मित्रांना मी उपजिल्हा रुग्णालयात नेलं. तिघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, एकाला हिपॅटायटिस बी निघाला. कुठून आला कुणी सांगू शकत नाही. ती एकच सुई असेल, न्हाव्याचा वस्तरा असेल, जन्मताना आईकडून आला असेल. पोरगा धडधाकट आहे, गोदामात पोती उचलतो. डॉक्टरांनी लिव्हरच्या तपासण्या केल्या, गोळ्या सध्या लागत नाहीत, दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि दारू पूर्ण बंद. त्याची बायको तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिची तपासणी झाली, निगेटिव्ह आली, लस सुरू केली. ती पॉझिटिव्ह असती तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ बाळांत हा आजार आयुष्यभर राहतो, म्हणून गरोदरपणातली ही तपासणी कुणी टाळू नका. सासूने मात्र पहिल्या दिवशी पोराचं ताट वेगळं केलं होतं. मी तिच्यासमोर त्याच्याच ताटात जेवले. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने हा आजार होत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, ब्रश आणि नेलकटर.

टॅटू काढून घेणाऱ्याने पैसे देण्याआधी समोर सुईचं पाकीट फोडायला सांगावं. पाकीट आधीच फुटलेलं असेल तर उठून जावं, रांग कितीही लांब असो. एका सुईची किंमत चहा-वडापावच्या आसपास आहे. ती वाचवू नका आणि घासाघीस करून टॅटूवाल्याला वाचवायलाही लावू नका. शाई छोट्या टोपीत, तुमच्यापुरती ओतलेली हवी, उरलेली फेकून द्यायची. मशीनची पकड स्टीलची असेल तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत, किमान पंधरा-वीस मिनिटं निघायला हवी. पातेल्यात उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्ह नसेल तर एकदाच वापरायची प्लास्टिकची पकड मिळते. मधुमेह असेल, जखमेचा व्रण फुगून गाठ होत असेल किंवा दिवस गेले असतील तर टॅटू नकोच. नंतर साबण-पाण्याने धुवायचं, खपली काढायची नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला तर दवाखाना.

पोलीस, सैन्याच्या भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळं. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफच्या वैद्यकीय नियमांत नावाला किंवा धार्मिक चिन्हाला मनाई नाही, जागेला आहे. डाव्या हाताच्या कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू चालते आणि आकार त्या भागाच्या चौथाईपेक्षा कमी हवा. उजव्या हाताने सलामी देतात, म्हणून उजव्या हातावरचा टॅटू वैद्यकीय तपासणीत बाद करतो. अभ्यास, धावणं सगळं पार करून पोरं इथे अडकतात. अर्ज भरण्याआधी त्या भरतीचे नियम वाचा, टॅटू नंतर.

एक गोष्ट राहिली, माझ्या मते सगळ्यात मोठी. वापरलेली सुई जाते कुठे? त्या मुलाने दाखवलं : काळ्या पिशवीत, गल्लीच्या कोपऱ्यावर. ती पिशवी सकाळी कोण उचलतं? आपल्याच आया-बहिणी, बहुतेकदा उघड्या हाताने. त्याच्याच मावशीला मागच्या वर्षी कचऱ्यात सुई टोचली होती. कुणाची होती ती, कोण जाणे. आता त्याने जाड प्लास्टिकचा झाकणाचा कॅन ठेवलाय. सुई वाकवायची नाही, टोपण लावायचं नाही, सरळ कॅनमध्ये टाकायची. कॅन पाऊण भरला की तो जवळच्या डॉक्टरांकडे नेतो. त्यांच्याकडे जैव कचऱ्याची गाडी येते, त्यांनी घ्यायचं कबूल केलंय.

कुणाला सुई टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू केलेल्या उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. त्या २८ दिवस घ्यायच्या. हिपॅटायटिस बीची लसही त्याच दिवशी मागा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

त्या मुलाने लसीचा पहिला डोस मे महिन्यात घेतला, दुसरा जूनमध्ये, तिसरा नोव्हेंबरमध्ये आहे. ६ डिसेंबरला तो दादरला बसणार आहेच. या वेळी सुयांची दोन खोकी, सोडियम हायपोक्लोराइटची बाटली आणि कॅन सोबत नेणार. वडिलांकडून त्याने एक पाटीही रंगवून घेतली आहे : 'सुई तुमच्यासमोर उघडली जाईल. भाव कमी होणार नाही.'