जुन्या जीपच्या क्रँकमागील तेलगळती

प्रश्न : लळिंगचा घाट चढून आले की माझ्या जुन्या विलीज जीपच्या क्लच-हाउसिंगखाली तेल ठिबकते. मागचे सील कसे बसवावे? — एक वाचक, धुळे

उत्तर : ज्या गाडीच्या जुळणीस मुंबईत 1949 साली प्रारंभ झाला व जिने खानदेशातील कापसाच्या शिवारांतून इमानाने चाकरी केली, तिच्याविषयी आपण दाखविलेली ही आस्था मला मनापासून भावली. तथापि इंजिन उघडण्यापूर्वी ब्रीदर स्वच्छ आहे ना, याची खातरजमा करावी. कारण तो तुंबला की आतील दाब वाढून निर्दोष सीलमधूनही तेल बाहेर पडते.

आपल्या इंजिनात दोरीचे सील असल्यास क्रँक पूर्ण उतरवूनच काम करावे; वरची अर्धी दोरी क्रँक जागेवर ठेवून ओढून बसविण्याची तजवीज मला मुळीच मान्य नाही. नवी दोरी इंजिनच्या तेलात भिजवून, ब्लॉकच्या व कॅपच्या खाचेत मध्यापासून टोकांकडे दाबत, गुळगुळीत गोल दांड्याने घोळून बसवावी आणि टोके धारदार पात्याने साफ कापावीत. येथे हयगय नको. कारण एखादा धागा जरी कॅपखाली चेपला गेला, तरी कॅप पुरती बसत नाही, बेअरिंगची फट बिघडते आणि गळती कायम राहते. क्रँकच्या घासपट्टीवर चरा असल्यास तो आधी पॉलिश करून घ्यावा. क्रँक हाताने फिरविताना प्रथम किंचित जड लागेल. ते स्वाभाविक आहे.