डबीतलं तेल गेलं कुठे?

अनघा : नाना, बाबांच्या क्वालिसमध्ये हल्ली सकाळी रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. दोन-तीनदा पॅडल मारलं की मग गिअर पडतो. क्लच प्लेट गेली असेल का?

नाना : प्लेट गेली असती तर वेगळंच रडगाणं असतं. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी चढत नाही, ते प्लेटचं लक्षण. तुझा क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघितलेस?

अनघा : तेव्हा सगळे अलगद पडतात.

नाना : मग गिअरबॉक्सला कशाला दोष द्यायचा! तेलाच्या लाइनीत गडबड आहे. डबीत तेल किती होतं?

अनघा : कमी होतं. मागेही झालं होतं, तेव्हा पंपावरच्या मुलाने भरून दिलं. पण ब्रेकच्या डबीतलंही थोडंथोडं उतरतंच की.

नाना : लोक फसतात ते इथेच. ब्रेकचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि मागे झालेली जागा भरायला डबीतलं तेल खाली जातं. गळती नसली तरी पातळी उतरते. क्लचचं उलटं आहे. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या पात्यांची टोकं बेअरिंगकडे येतात, फोर्क मागे ढकलला जातो आणि खालच्या सिलिंडरचा पिस्टन आणखी आत शिरतो. तिथलं तेल वर डबीत परत येतं. प्लेट झिजेल तशी पातळी उलट किंचित चढायला हवी. काही जुन्या गाड्यांत फोर्कच्या दांड्याला आटे असतात, तिथे आधी दांड्याचा खेळ संपतो. पण पातळी उतरायला तिथेही कारण नाही. उतरली, म्हणजे तेल बाहेर चाललंय. वरून भरत राहून काय होणार?

अनघा : पण खाली डाग तर कुठे दिसला नाही.

नाना : पॅडलपाशी मॅट उचललीस का? दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो तिथून गळलं तर ते सरळ गालिच्यात मुरतं. नाहीतर गिअरबॉक्सच्या बाजूला खालचा सिलिंडर आहे, त्याचं रबरी बूट बोटाने मागे सारायचं. आत ओलं लागलं की समजायचं वॉशर गेला. आणि हो, ते तेल बोनेटवर सांडू नकोस, रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच पाण्याने धू.

अनघा : आणि दोन्हीकडे कोरडं असेल तर?

नाना : तर मास्टरच्या आतला वॉशर दाब धरत नसेल. सिग्नलला पॅडल दाबून उभी राहिलीस की गाडी हळूच पुढे सरकायला बघते ना? तेल वॉशरला वळसा घालून परत डबीत जातं. बाहेर थेंब दिसत नाही. पण तुझी पातळी उतरलीय, तेव्हा आधी गळती शोधू.

अनघा : वॉशर खराब होतात कशाने?

नाना : वयाने, आणि आपल्या कोकणातल्या हवेने. डॉट ३, डॉट ४ ही तेलं हवेतला ओलावा ओढतात. कोरडं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. ब्रेकमध्ये तो जिवाशी खेळ. क्लच तेवढा तापत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण तेलात मुरलेल्या पाण्याने सिलिंडरला आतून गंज धरतो आणि तो खडबडीतपणा वॉशर खरवडत राहतो. नवं तेल फिकट पिवळं असतं, तुझं काळं पडलं असणार. दोन वर्षांनी बदललं की पुढचा निम्मा खर्च वाचतो. त्या मुलाने भरलं काय होतं?

अनघा : ब्रेक ऑइलच म्हणाला.

नाना : डबा बघायला हवा होतास. इंजिन ऑइल गेलं तर रबर फुगतं, मग नळीपासून वॉशरपर्यंत सगळं बदलायचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, तेही यात मिसळायचं नाही. ५.१ चालतं. नावं ठेवणाऱ्यांना नमस्कारच केला पाहिजे!

अनघा : नुसतं वॉशरचं किट घालून भागेल?

नाना : सिलिंडर खोलून आत नख फिरवायचं. गुळगुळीत असेल तर किट. खड्डे लागले तर अख्खा सिलिंडर नवा. काही जण घासून देतात, पण त्याने भोक मोठं होतं आणि वॉशर सैल बसतो. मी नाही करत. एक सिलिंडर गेला की दुसराही तेवढ्याच वयाचा असतो, म्हणून दोन्ही एकदम बघावेत. मधली रबरी नळी जुनी झाली असेल तर तीही. दाबाने ती फुगते आणि पायाचा जोर तिथेच जिरतो.

अनघा : आणि पॅडल थोडं रिकामं हलतं, तो खेळ काढून टाकायचा का?

नाना : चुकूनही नाही! पॅडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तरच डबीकडचं बारीक भोक उघडतं. दांडा ताणून बसवला तर ते झाकलेलं राहतं, दाब लाइनीत अडकतो आणि चांगली प्लेट घसरून जळते. काही मिलिमीटरचा खेळ हवाच.

अनघा : मग आज काय करायचं?

नाना : खालचं बूट ओलं आहे, हे बघ. किट घालतो, मग हवा काढायला तू लागशील. खालचा पिस्टन जेमतेम एक-दीड सेंटिमीटर सरकतो, त्यातला थोडा भाग हवा दाबण्यात गेला की क्लच सुटत नाही. निपलला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवतो. मी ‘दाब’ म्हटलं की पॅडल दाबून धर. निपल उघडलं की पॅडल खाली जाईल, जाऊ दे. ‘बंद’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाईल. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. आणि दर चार-पाच वेळांनी डबीत डोकावू, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.